टेबलावर टिश्यू, तोंडात ‘सिउ दाय’

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान भुकेल्या पोटी शिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिरायचंच असेल तर आधी टिश्यूपेपरचं एक छोटं पाकीट खिशात असावं. तोंड पुसायला नव्हे, जागा धरायला.

हॉकर सेंटर म्हणजे मोठ्या छपराखाली ओळीने गाळे आणि मधोमध जमिनीत घट्ट रोवलेली टेबलं-स्टुलं. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने १९७० आणि ८० च्या दशकांत उचलून नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या या गाळ्यांत बसवलं. २०२० साली युनेस्कोनेही या संस्कृतीला वारसा म्हणून मान दिला. पण युनेस्कोच्या माणसांना दुपारी एक वाजता टेबल कसं मिळालं असेल, हा प्रश्न मला नेहमी छळतो.

तर टेबल धरण्याला तिथे ‘चोप’ करणं म्हणतात. इथे गाळेवाले हात पुसायला कागद देत नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या खिशात टिश्यू. आणि खिशात आहेच, म्हणून तोच टेबलावर ठेवून रांगेत जायचं. एक पाकीट म्हणजे एक जागा. चौघं असाल तर चारही जागांवर काहीतरी पसरावं. छत्री चालते, ऑफिसचं गळ्यातलं ओळखपत्रही चालतं. आपल्याला हे शिकवायला नको, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात आपल्या पिढ्या गेल्या. फरक इतकाच, की आपल्याकडे रुमालाच्या मालकाला नंतर आवाज चढवावा लागतो. तिथे चाळीस सेंटचं पाकीट बघून सुटाबुटातला माणूस ताट हातात धरून मुकाट पुढे सरकतो. रुमाल मात्र ठेवू नका. कुणीतरी विसरलाय असं समजून सफाईवाल्या मावशी तो उचलतात.

जागा मिळाली, आता चहा. खरी परीक्षा इथेच.

पेयांच्या गाळ्यावर जाऊन ‘वन कॉफी, लेस शुगर, लिटल मिल्क’ असं सांगितलंत, तर गाळ्यातले अंकल (तिथे सगळे अंकल नाहीतर आंटी) तुमच्याकडे दयेने बघतात आणि त्यांना वाटेल ते देतात. तिथलं व्याकरण वेगळं आहे. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी, बासुंदीची धाकटी बहीण. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची, पण साखर असतेच. ‘कोपी सी’ म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क, म्हणजे गोड न केलेलं आटवलेलं दूध, आणि साखर वेगळी. त्यानंतर विशेषणं. ‘गाऊ’ कडक, ‘पोह’ पातळ, ‘सिउ दाय’ गोड कमी, ‘कोसोंग’ साखर अजिबात नको, ‘पेंग’ बर्फ घालून. बांधून हवी तर ‘दापाओ’. ‘कोपी’च्या जागी ‘तेह’ ठेवलं की हेच सगळं चहाला लागू. कोसोंग मलय, पेंग होक्कियन, म्हणजे चिनीची एक बोली. एका कपासाठी दोन-तीन भाषा लागतात आणि त्यातली एकही आपण शाळेत शिकलेलो नसतो.

चुका ठरलेल्या. ‘कोपी ओ’ मागून ‘यात साखर का?’ म्हणून तोंड वाकडं करणं, ही पहिली. साखर नको तर ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणायला हवं. ‘कोपी कोसोंग’ ही दुसरी, कारण कंडेन्स्ड मिल्क मुळातच गोड. त्यातून साखर काढा म्हणणं म्हणजे जिलेबीतून पाक काढा म्हणण्यासारखं. तिसरी चूक न ढवळता पिण्याची. कंडेन्स्ड मिल्क तळाशी बसलेलं असतं. वरची अर्धी कॉफी काढ्यासारखी लागते आणि शेवटचे दोन घोट चमच्याने चाटावे लागतात. चमचा तळापर्यंत नेऊन चांगला फिरवावा.

कडवटपणा मात्र ढवळून जात नाही, तो बियांचाच. रोबस्टा बिया साखर आणि मार्जरीन घालून काळ्या होईपर्यंत भाजतात, आणि पूड लांब दांड्याच्या कापडी गाळणीत घालून उकळतं पाणी ओततात. या गाळणीला ते मोजा म्हणतात, दिसतेही तशीच. ती बघायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. जुनी माणसं ही कॉफी बशीत ओतून पीत, हे कळल्यावर माझा त्या शहरावरचा राग बराच कमी झाला.

आपल्या घरच्या चहाच्या सर्वांत जवळ जाणारं उत्तर सांगून टाकतो: ‘तेह सी सिउ दाय’. आलं हवं असेल तर भारतीय मुस्लिम गाळ्यावर ‘तेह हालिया’.

शाकाहाऱ्यांची कथा आणखी करुण. ‘कॅरट केक’ अशी पाटी दिसते आणि जीव भांड्यात पडतो. त्यात गाजर नाही आणि केकही नाही. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात मिसळतात, वाफवतात, वड्या कापतात आणि परततात. म्हणजे कोथिंबीर वडीचीच रीत, फक्त परतताना अंडं आणि खारवलेला मुळा पडतो, आणि तव्यावर बऱ्याचदा डुकराची चरबी. ‘रोजाक’ तर शुद्ध फसवणूक. अननस, काकडी, शेंगदाण्याचा कूट, अगदी चौपाटीवरच्या फ्रूट चाटसारखं दिसणारं. पण वरचा काळाभोर चमकदार सॉस कोळंबीचा असतो. लाल तिखट सांबल चटणीतही बहुधा ‘बेलाचान’, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. ‘नो मीट’ म्हणून भागत नाही, कारण मासळीला मीट कोण म्हणतं? (कोकणातही म्हणत नाहीत.) ‘नो मीट, नो सीफूड, नो एग’ असं सबंध म्हणावं.

सोपा मार्ग म्हणजे ‘素’ हे चिनी अक्षर शोधणं. वर तीन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी उभी, खाली दोऱ्याची गुंडी सुटल्यासारखं काहीतरी. हे बौद्ध शाकाहारी गाळे. तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास खुशाल पाळा. पण काचेमागे बदकाचे काप, लालसर डुकराचं मांस, अख्खा मासा दिसला तर दचकू नका; ते सोयाबीन आणि गव्हाच्या चिकाचं सोंग असतं. भातावर काय हवं ते बोटाने दाखवायचं. बोट भरभर फिरवू नये, प्रत्येक फिरवण्याला एक डाव पडतो आणि पैसे डावावर असतात.

हेही नको असेल तर लिटल इंडियातलं टेक्का सेंटर गाठावं आणि ‘प्राता कोसोंग’ मागावा (प्राता म्हणजे तिथला पराठा). इथे कोसोंग म्हणजे आत काही न भरलेला. शब्द तोच, गाळा बदलला की साखरेऐवजी अंडं वगळलं जातं. सोबत माशाची करी येते, म्हणून ‘दाल’ आधीच सांगावं.

खाऊन झाल्यावर ताट उचलायचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून हा नियम आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा तीनशे डॉलर दंड. ताटं ठेवायच्या घडवंच्या दोन, हलाल आणि बाकीची, पाटी वाचूनच ठेवावं. ताट सोडून पाणी आणायलाही जाऊ नये. छपराच्या तुळयांवर साळुंक्या बसलेल्या असतात आणि त्यांना चोप वगैरे मान्य नाही.

आणि निघताना टिश्यूचं पाकीट आठवणीने उचला. नाहीतर त्या भर गर्दीत ते टेबल तासभर रिकामं राहील, हातात ताटं घेतलेली माणसं भोवती फिरत राहतील, आणि तुम्ही तोवर विमानतळावर ‘कोपी सी’ ढवळत असाल.