खुलासा : ‘वय अधिक १००’ हे रक्तदाबाचे गणित चुकीचे आहे
‘वयात १०० मिळवा, तेवढा वरचा रक्तदाब चालतो, गोळी नको’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. वयाबरोबर महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी) ताठर होते, त्यामुळे वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. सत्तरीतल्या माणसाच्या कागदावरचे १७०/७० बहुधा त्याचेच लक्षण. सर्रास आढळते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. ताठर नळीत रक्त ढकलताना डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) भिंत जाड होते, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळत असल्याने, खालचा दाब फार घसरला की तो पुरवठाही आखडू शकतो. २००८ च्या ‘हायवेट’ या वैद्यकीय चाचणीत ऐंशीपुढच्या रुग्णांतही रक्तदाबाच्या औषधांनी मृत्यू आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण घटले. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. गोळी परस्पर बंद केली असल्यास डॉक्टरांना लगेच भेटावे.