चाळीस हजारांचा नास

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात कुरिअरवाला खोकं पडवीत ठेवून गेला, तेव्हा आई खळ्यात सुक्या बांगड्यांवरचे कावळे हाकत होती.

"ह्यां काय हाडलंस?"

"नॅस."

"नास?"

"नॅस गे. माझे व्हिडिओ ठेवूक."

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, की झिलान चाळीस हजारांचो नास केल्यान. पुढे जे घडलं ते पाहता वाडीची बातमी अगदीच खोटी नव्हती.

मी वेंगुर्ल्याच्या आसपासच्या जत्रांमधली दशावतारी नाटकं चित्रित करतो. फोरकेमध्ये तासाला 45 जीबी, म्हणजे पहाटेपर्यंत चालणाऱ्या एका नाटकाचे सव्वादोनशे जीबी सहज होतात. हा सगळा ऐवज अकरा हार्ड डिस्कांत, कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने नांदत होता. खाऱ्या हवेने यूएसबीच्या तोंडांना गंज धरला होता, आणि एक डिस्क लावली की पाल चुकचुकल्यासारखा आवाज करायची. तो शुभशकुन नव्हे.

दशावतारात सुरुवातीलाच संकासूर येतो आणि ब्रह्मदेवाचे वेद पळवतो. हा प्रवेश मी कॅमेऱ्यातून शंभरदा तरी पाहिला असेन, पण ब्रह्मदेवाकडे वेदांची दुसरी कॉपी नव्हती हे त्या पालीने चुकचुकेपर्यंत डोक्यात आलं नाही. त्याच्यासाठी विष्णू धावून आला. माझ्यासाठी डेटा रिकव्हरीवाला येणार, आणि तो पैसे आधी घेतो.

म्हणून हा नॅस. नेटवर्कला जोडलेला डबा, आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क, आणि रेड वन नावाची रचना: एका डिस्कवर जे लिहाल ते दुसरीवरही लिहिलं जातं. पैसे आठ टीबीचे, जागा चारची, आणि संगणक दाखवतो 3.63, कारण कंपनी हजाराने मोजते आणि संगणक 1024ने. काजूच्या बिया फोडणाऱ्याला याचं फारसं नवल वाटत नाही. किलोभर बी फोडली तरी गर हातात पावकिलोच्या आसपासच येतो.

डबा ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. माळ्यावर गळतं, पडवीत मुंग्या. इन्व्हर्टरचा पॉइंट घरात दोनच जागी, एक टीव्हीपाशी आणि एक देवघरात. टीव्हीपाशी मालिकांची हद्द लागते, म्हणून नॅस देवघरात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर जास्वंद होती. चार निळे दिवे लुकलुकताना बघून आईने हात जोडले असावेत. आठवडाभरात मागच्या पंख्यात उदबत्तीची राख अशी जमली, की डबा धाप लागल्यासारखा घुरघुरू लागला.

मग कॉपी करायला लावलं. दोन टीबी. स्क्रीन म्हणाली, पन्नास तास. मी हिशेब केला: गिगाबिट केबलवर सेकंदाला शंभराच्या वर एमबी जायला हवेत, जात होते अकरा. दोन दिवस सेटिंगं धुंडाळली. शेवटी केबलचा माग काढत चिऱ्याच्या भिंतीतल्या भोकापाशी पोचलो. आठ तारांपैकी चार उंदराने कुरतडल्या होत्या. उरलेल्या चारांवर नेट शंभर एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटांवर येऊन रखडत होतं; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एमबीत मोजलं की अकरा-बाराच. देवघराला लागूनच गणपतीच्या वाहनाने हे केलं, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार!

केबल बदलली, पाच-सहा तासांत सगळं आत. मी इतका खूश झालो की जुन्या डिस्का पुसून पुढच्या जत्रांसाठी मोकळ्या केल्या. आणि एप्रिलमधल्या एका उकाड्याच्या दुपारी नॅसवर आवराआवर करताना 'फायनल_जुनं' नावाचं फोल्डर उडवलं. ते जुनं नव्हतं. फायनल होतं.

पण रेड आहे ना, म्हणून मी दुसऱ्या डिस्ककडे गेलो. ती आरशातली डिस्क. आरशासमोर उभं राहून तुम्ही मिशी काढलीत, तर आतला माणूस जपून ठेवत नाही. डिस्क बिघडली तर रेड वाचवतो, डिस्कच्या मालकापासून नाही. पुसलेल्या फायली धरून ठेवणारा रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट ही दोन्ही सोय त्या डब्यात होती. दोन्ही मी "मागसून बघू" म्हणून बंद ठेवली होती. संकासुराने निदान वेद समुद्रात लपवले होते. मी डिलीट केले.

अर्धंअधिक काम परत मिळालं ते केवळ मी कॅमेऱ्यातली कार्डं वेळेवर रिकामी करत नाही म्हणून. आई या सवयीला गेली पंधरा वर्षं आळस म्हणते.

मग शहाण्यासारखं 3-2-1 धरलं. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेलं हे सूत्र: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउड, असं वाटलं. पण आमच्या नेटवर अपलोडला वीस एमबीपीएस मिळतात, म्हणजे दोन टीबीला रात्रंदिवस सव्वानऊ दिवस, तेही लाइट न जाता. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हापासून "लाइट न जाता" हे शब्द मी हिशेबात धरत नाही.

त्यापेक्षा सावंतवाडीची मावशी बरी. समुद्रापासून लांब, पक्कं घर, एसटी थेट. एक डिस्क टॉवेलात गुंडाळून पिशवीत, वर बांगडे. महिन्यातून एकदा जायचं, जुनी आणायची, नवी ठेवायची. मावशीने दमट हवेचं ऐकून डिस्क तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली, आणि मला तंत्रज्ञानात घरचं माणूस मिळाल्यासारखं वाटलं.

परवा सकाळी तिचा फोन आला.

"रे झिला, आज ऊन बरा पडलाहा. कोकमाची सोलां सुकत घातलंय, त्येंच्याच वांगडा तुझो तो काळो डबो पण ठेवलंय. आता सोलांका रसाचा पुट देतलंय. तुझ्या डब्याक पण व्हया काय?"