‘सुज्ञांस सांगणे न लगे’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्वाल्हेर संस्थानच्या सर्विस तिकिटांवरच्या (म्हणजे सरकारी टपालावर लागणाऱ्या तिकिटांवरच्या) माझ्या लेखाखाली ‘इतिहासप्रेमी’ अशा नावाने एका वाचकांनी चांगली ऐसपैस प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोटो धड दिसत नाहीत. ग्वाल्हेरची तिकिटं म्हणजे ब्रिटिश तिकिटांवर मारलेला छाप (तयार तिकिटावर वरून छापलेली अक्षरं), त्यात संस्थानचं काय कौतुक? छाप खोटेही असतात, तपासले का? कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटांबद्दल लेखक गप्प आहेत. खरं दुर्मीळ तिकीट गांधीजींचं दहा रुपयांचं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “सर्विस तिकिटं सामान्य माणसाला विकत मिळतच नव्हती, मग ती आपल्या घरी कुठल्या वाटेने आली, हे सुज्ञांस सांगणे न लगे.”

फोटोंचं मान्य. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढले, चकाकी आली. दिवसाउजेडी काढून पुन्हा टाकतो.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. मला टीकेचं वावडं नाही. माझ्या लेखांवर लोक भांडतात, चुका काढतात, मी उत्तरं देतो. पण ‘सुज्ञांस सांगणे न लगे’ ही काय भाषा झाली? चोरी म्हणायचं असेल तर सरळ चोरी म्हणा ना, साहेब! अर्धं बोलायचं, उरलेलं वाचणाऱ्याच्या मनात सोडून द्यायचं आणि आपण नामानिराळे. शिवाय ‘आपल्या घरी’ म्हणजे नेमकं कोणाच्या? ही तिकिटं जमवली माझ्या पणजोबांनी आणि आजोबांनी. दोघेही उत्तर द्यायला नाहीत, म्हणून मला बसावं लागतंय.

ऐका तर. सर्विस तिकीट जनतेला विकत मिळत नव्हतं, हे अगदी खरं. पण ते कचेरीत राहायचं नाही हो, टपालात जायचं. कचेरीतून हुकूम सुटला, नोटीस निघाली, पेन्शनचा कागद निघाला की पाकिटावर सर्विस तिकीट लागायचं आणि पाकीट ज्याच्या नावे त्याच्या घरी पोचायचं. घरी आलेलं पाकीट कोणाचं? सरकार ते परत मागायला येत होतं काय?

माझे पणजोबा संस्थानच्या शाळाखात्यात मास्तर होते, आजोबाही मास्तरच. मास्तराची बदली, मास्तराची पगारवाढ, परीक्षेचे कागद, मग पेन्शन, सगळं पत्रानेच यायचं. आमच्याकडे कागद फेकायची पद्धत नव्हती. पाकिटं उलटी करून त्यावर वाण्याचा हिशेब लिहायचा आणि भरली की भिंतीवरच्या तारेत ओवायची. म्हणून आमच्या जवळजवळ प्रत्येक तिकिटाला भोक आहे. लेखात दिलेलं ते अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट पुन्हा बघा (फोटो खराब असला तरी एवढं दिसतं): मध्ये व्हिक्टोरिया राणीचं मुंडकं, वर ‘ग्वालियर’, खाली ‘सर्विस’, दोन्ही देवनागरीत, इंग्रजी छाप नाहीच. राणीच्या हनुवटीखाली तार आरपार गेलेली, भोवती गंजाचं तांबूस कडं. सरकारी कपाटातून तिकीट उडवणारा माणूस त्याला तारेत ओवून ठेवेल काय?

एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याने हेच तिकीट बघून मला सांगितलं होतं, “भोक बुजवून देतो, कळणारसुद्धा नाही, किंमत तिप्पट होईल.” मी तिकीट पाकिटात घातलं आणि घरी आलो. लबाडीच करायची असती तर तेव्हाच केली असती. हे मी कुणाला सांगत फिरत नाही. आपण भाग पाडलंत.

आणि चोरून करणार काय? सर्विसचा छाप आला तोच मुळी सरकारी तिकीट खासगी पत्रावर लागू नये म्हणून. इंग्रज सरकारने 1866 मध्ये कलकत्त्याला तो सुरू केला, ग्वाल्हेरने 1895 मध्ये घेतला. ते तिकीट काकूला लिहिलेल्या पत्रावर लावून चाललं नसतं. त्या काळी त्याला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं.

बरं, आपण स्वतःच गांधीजींच्या तिकिटाचं उदाहरण दिलंत. 15 ऑगस्ट 1948 ला चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातल्या दहा रुपयांच्या फक्त 100 तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी ‘सर्विस’ छापलं. त्यातल्याच चार तिकिटांची एक पट्टी 2017 मध्ये स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-व्यापारी कंपनीने पाच लाख पौंडांना विकली. तीसुद्धा पोस्टाच्या खिडकीवर मिळत नव्हती! मग ती ब्रिटनच्या दुकानात कुठल्या वाटेने पोचली? तिथे आपल्याला दुर्मीळता दिसते आणि ग्वाल्हेरच्या मास्तराच्या घरी आली की वाट दिसते. हे मात्र मजेशीर आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. ब्रिटिश तिकिटांवर छाप, हो, ब्रिटिश टपालखात्याशी करारच तसा होता. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट या सहा संस्थानांनी तो केला, आणि त्यामुळे त्यांची पत्रं ब्रिटिश हद्दीतही बिनबोभाट चालली. होळकरांची इंदूरची स्वतःची तिकिटं 1886 पासून होती, सुंदर होती, पण हद्दीबाहेर त्यांचा उपयोग नव्हता. शिवाय सगळे छाप कलकत्त्याला नाहीतर नाशिकला पडले असंही नाही. शेवटी शेवटी, 1949 मध्येसुद्धा, काही छाप इथल्याच, ग्वाल्हेरच्या, अलिजाह छापखान्यात पडले आहेत. बाड्यावरून (इथल्या मुख्य चौकातून) रोज जाणाऱ्या माणसाला त्याचं कौतुक वाटणारच. आपल्याला नसेल वाटत, नका वाटून घेऊ.

खोट्या छापांचं म्हणाल तर ते मलाही ठाऊक आहेत. 1895 च्या सर्विस छापात अक्षरांची अदलाबदल झालेली आणि चौथं अक्षर गळालेली तिकिटं आहेत, त्यांना भाव आहे, म्हणून नकलाही होतात. माझ्याकडे तसं एकही नाही, असल्याचा दावाही मी केलेला नाही. साधं तिकीट भिंगाखाली धरायचं आणि पोस्टाचा शिक्का छापाच्या वरून गेलाय की खालून ते बघायचं. छाप शिक्क्यावर चढलेला असेल तर तो मागाहून मारलेला. माझ्या हिरव्या तिकिटावर उज्जैनचा शिक्का ‘सर्विस’च्या ‘स’वरून गेलाय. खालून नाही.

कोऱ्या तिकिटांचा विषय वेगळा आहे, तो इथे काढायचं कारण नव्हतं.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, काढणारही नाही, लोकांनी वाचावी. मात्र पुढच्या वेळी दुसऱ्याच्या पणजोबांबद्दल लिहायचं असेल तर ‘इतिहासप्रेमी’ सोडून आपल्या नावाने लिहा, म्हणजे उत्तर द्यायला बरं पडेल.