मॉरिशसच्या नावानं अंगठे देणाऱ्यांनो

सकाळपासून तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड, आता शाळेच्या ग्रुपवर. निळा समुद्र, त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘मॉरिशसकडून शिका!’ एवढासा देश, शिक्षण फुकट, बस फुकट, आणि वर शाळेत मराठी! आपल्याकडे मात्र मराठी शाळांना कुलपं. खाली अंगठ्यांची ही रांग.

मी तिथे चार वर्षं राहिलेय, नवऱ्याच्या नोकरीपायी. क्वात्र बोर्न नावाच्या गावात, भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. तेव्हा जरा माझंही ऐका.

खालच्या घरात अकरा वर्षांची मुलगी होती. तिचे कुणी खापरपणजोबा कोकणातून गिरमिटिया म्हणून उसाच्या मळ्यात गेलेले. साल २०१०, तिचं सीपीईचं वर्ष. सीपीई म्हणजे सहावीच्या अखेरची परीक्षा, आणि कुठलं कॉलेज मिळणार हे तिच्यावर ठरायचं. (तिथे माध्यमिक शाळेला कॉलेज म्हणतात.) शाळा सुटली की शिकवणी, शनिवारी शिकवणी. संध्याकाळी पोर जिन्यात वही घेऊन बसायची आणि मी दिसले की ‘टांटीन, ऐक!’ (टांटीन म्हणजे मावशी) म्हणून मराठी निबंध घडाघडा म्हणायची. ‘माझा आवडता सण’. एक काना इकडचा तिकडे नाही.

गणपती नुकतेच झाले होते. मी मराठीत विचारलं, ‘मग तुमच्या गणपतीत तू काय काय केलंस?’

पोर गप्प. तिला प्रश्नच कळला नव्हता.

फॉरवर्डमधलं ‘शाळेत मराठी’ ते हे.

आणि ‘सरकारनं शिक्षण फुकट दिलं’ म्हणे. दिलं नाही हो, पोरांनी घेतलं! देश स्वतंत्र झाला १९६८ मध्ये. त्यानंतरही माध्यमिक शिक्षण म्हणजे मूठभर चांगली सरकारी कॉलेजं, आणि बाकीच्यांना फी भरून खासगी, त्यातली कित्येक नुसती नावाला. २० मे १९७५ ला हजारो विद्यार्थी वर्ग सोडून राजधानी पोर्ट लुईच्या दिशेनं चालत निघाले. ग्रँड रिव्हरच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, अश्रुधूर सोडला. शाळेच्या गणवेशातल्या पोरांवर! त्यांना सरकारी आणि खासगी कॉलेजांतला फरक मिटवायचा होता. अभ्यासात स्वतःचा देश हवा होता, स्वतःची क्रिओल, म्हणजे घरात बोलायची भाषा, हवी होती. त्याच वर्षी मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. म्हणजे पुलावरची पोरं पुढच्या निवडणुकीत मतदार. तेव्हाचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम काही कच्चे राजकारणी नव्हते. निवडणूक १९७६ च्या डिसेंबरात, आणि जानेवारी १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट! निळ्या समुद्राच्या चित्रात हा पूल कुठे आहे?

बरं, फुकट झालं, पण चांगल्या कॉलेजांत जागा होत्या तेवढ्याच. मग चाळणी लावली. १९८० पासून सीपीई, आणि अख्ख्या देशातल्या अकरा-बारा वर्षांच्या पोरांची क्रमवारी. साधारण तिसरा हिस्सा नापास व्हायचा. दोनदा नापास झालात की वेगळी वाट. खालच्या वर्गांच्या शिकवण्यांवर कायद्यानं बंदी घातली, तर वरच्या वर्गांत त्या दणक्यात चालू. खालच्या घरी वह्या-पुस्तकांचा खर्च कमी आणि शिकवणीचा जास्त. ही फुकट शाळा!

२००२ मध्ये एका शिक्षणमंत्र्यानं धीर करून क्रमवारी मोडली. पुढच्या सरकारनं ए-प्लस या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या नावानं ती मागच्या दारानं आत घेतली. आणि पालक खूश! आपण वेगळे आहोत का? दहावीच्या निकालादिवशी स्टेटस बघा आपले.

आता मराठीप्रेमींसाठी. (आपण सगळेच आहोत, म्हणून तर बोलतेय.) हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठीचे गुण या क्रमवारीत धरायचे की नाही, यावर १९९५ मध्ये तिथलं सरकार गेलं. घटनादुरुस्ती फसली, पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथांनी संसद विसर्जित केली आणि निवडणुकीत ६०-० असा सपाटून मार खाल्ला. भांडण भाषेचं दिसतं, पण होतं मार्कांचं. आणि जी क्रिओल घराघरांत बोलतात ती प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली २०१२ मध्ये, तीही ऐच्छिक. पुलावरच्या पोरांनंतर सदतीस वर्षांनी. अभ्यासाचं अधिकृत माध्यम इंग्रजी, वर्तमानपत्रं फ्रेंच, आणि आई रागावते क्रिओलमध्ये. अकरा वर्षांच्या पोरानं कुठल्या भाषेत विचार करावा?

हो, मान्य आहे, तिथलं जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत जातं. २००५ पासून विद्यार्थ्यांना बस फुकट, २०१९ पासून सरकारी संस्थांत पहिली पदवीही फुकट. उसाच्या मळ्यांवर उभ्या राहिलेल्या देशासाठी हे लहान काम नाही. मराठी शिकवणारे तिथले शिक्षकही जीव ओतून शिकवतात, त्यांना बोल नाही. २०१७ मध्ये सीपीईसुद्धा गेली, चाळणी नववीपर्यंत पुढे सरकली. तेवढं तरी बरं झालं.

पण ती पोर डोळ्यांसमोरून जात नाही. त्या संध्याकाळी मी माझ्या मोडक्या क्रिओलमध्ये तोच प्रश्न परत विचारला, आणि मग जी सुटली ती! मोदक उकडताना फुटले ते, काकाचा टेम्पो समुद्राच्या वाटेवर बंद पडला ते, बाप्पाला पाण्यात सोडताना धाकटा भाऊ रडला आणि त्याला हसता हसता आपणही रडलो ते. हातवारे काय, नकला काय. आतून आजी क्रिओलमध्येच दुरुस्त्या सांगत होती. आरतीचं ‘सुखकर्ता’ मात्र दोघींनी खणखणीत म्हणून दाखवलं. माझेच डोळे भरून आले.

मी म्हटलं, ‘अगं, हेच लिही की निबंधात, मी मराठी करून देते.’

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण अडाणी माणसाकडे बघतो. ‘याला मार्क नाहीत, टांटीन.’

डिसेंबरात निकाल लागला. ए-प्लस, मराठीतही. आजीनं बशीभर गरम गातो पिमाँ, म्हणजे तिथली डाळीची भजी, तिच्या हाती वर पाठवली. बशीखाली मराठीची वही होती.

‘ही ठेव तुला,’ म्हणाली. ‘मला आता नको.’