इंजिनाला पाणी पाजावे कसे

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होतो आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यावर एकच आवाज घुमू लागतो. होडीच्या मागे बाहेरून अडकवलेल्या आऊटबोर्ड इंजिनाची दोरी ओढल्याचा. खर्र, खर्र, मग एक शिवी, मग पुन्हा खर्र. हा मंगलध्वनी यंदा तुमच्याही होडीतून यावा अशी इच्छा असेल, तर तयारीला मेअखेरीसच लागायला हवे. ऐनवेळी इंजिन बिघडवायला गेलात तर नीटसे जमत नाही.

होडी वर ओढून शाकारून ठेवाल तेव्हा पेट्रोलची टाकी अर्धी रिकामी ठेवा. काठोकाठ भरलीत तर कोकणातल्या पावसाळी हवेने आत शिरून टाकीच्या भिंतींवर घाम फोडावा कुठे? झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच राहू द्या. टाकी पागोळीखाली ठेवता आली तर सोन्याहून पिवळे. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, रिकामा करायच्या फंदात पडू नका. त्यातले पेट्रोल दोन महिन्यांत उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर ठेवते. त्यातल्या जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, भोक मुळात सुईच्या टोकाएवढे असते, त्यामुळे ते बुजायला फार डिंक लागत नाही.

आता पेट्रोल आणणे. पंपावर न्यायचा कॅन सकाळीच धुवा आणि ओला असतानाच गाडीला लटकवा. टाकीत ओतताना नरसाळ्याला बारीक जाळी किंवा गाळणी लावणारे लोक संशयी स्वभावाचे असतात, त्यांच्यात आपली गणना होऊ देऊ नका. खरी मजा भर समुद्रात टाकी भरण्यात आहे. होडी हलते आहे, नाळेवरून शिंतोडे उडताहेत आणि तुम्ही एका हाताने कॅन, दुसऱ्या हाताने नरसाळे धरून उभे आहात. चार थेंब खारे पाणी आत गेलेच पाहिजे. कार्बोरेटरच्या वाटीत ते पोचले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. पुढे मेकॅनिक ती नखाने खरवडून तुम्हाला दाखवतो, तेव्हा ‘कंपनीचा मालच असला,’ एवढे म्हणा.

या कामात सरकारनेही आपल्याला मोठा हात दिला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे मूळचे उद्दिष्ट २०३० चे होते, ते २०२५ मध्येच गाठले गेले. बहुतेक आऊटबोर्डच्या मॅन्युअलात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले असते. पण मॅन्युअल हे इंजिनाच्या खोक्यात ठेवण्यासाठी असते, वाचण्यासाठी नव्हे. इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. दमट हवेतले पाणीसुद्धा ते ओढून घेते. १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुकाट्याने विरघळून राहते. म्हणजे २५ लिटरच्या टाकीत सव्वाशे मिलिलिटर, टपरीवरच्या एका कटिंगहून जास्तच. तोवर वरून काही दिसत नाही. त्यापुढे चार थेंब पडले किंवा रात्री गारवा वाढला, की इथेनॉल पेट्रोलशी काडीमोड घेते आणि पाण्याचा हात धरून टाकीच्या तळाशी जाऊन बसते.

इंजिनाला पेट्रोल देणारी नळी कुठून ओढते? तळातूनच. ही सोय इंजिन बनवणाऱ्यांनी आपल्यासाठीच केली असावी.

इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळावे लागणारे, असेल तर आणखी एक बहार आहे. २५ लिटरला अर्धा लिटर असे ५० ला १ च्या प्रमाणात तुम्ही इमानदारीने ऑइल मिसळलेत, पण ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर वरच राहते. तळातले पाणी-इथेनॉल जाते ते कोरडेच. पिस्टनला वंगण नाही, सिलिंडर तापलेला, आणि काही वेळाने दोघे एकमेकांना असे कवटाळतात की दोरी ओढून तुमचा खांदा निखळेल पण इंजिन फिरणार नाही. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (ठकठक न करता जळण्याचा गुण) इथेनॉल गेल्याने घसरलेला असतो. म्हणजे तळातले संपवून वरचे वापरू म्हणालात तरी इंजिन ठकठक करणारच. निराश व्हायचे कारण नाही.

प्रत्यक्ष प्रयोगासाठी जागा निवडावी ती देवबागच्या संगमासारखी, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, ओहोटीचा जोर असतो आणि वाळूचा बांध लाटा फोडत असतो. होडीत डॉल्फिन पाहायला आलेले पुण्याचे कुटुंब असेल तर उत्तम. इंजिन हळू चालताना गुणी बाळासारखे वागते. वेग द्यायला मूठ पिळली की घुसमटते, दोन ठसके देते, बसते. आता चोक ओढा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाईल. पुन्हा ओढा. प्लग पेट्रोलने भिजून चिंब झाले की मेकॅनिकला फोन लावा.

“काय झाला?”

“दम धरणा नाय.”

“प्लग बदल.”

या तीन वाक्यांत आपल्याकडचे निम्मे सागरी तंत्रज्ञान सामावलेले आहे. प्लग बदला.

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा, हाताने पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा मात्र चुकूनही दाबू नका. तो फार चहाडखोर. इंजिन मरायला लागले असताना दाबला आणि त्यात जीव आला, तर इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदा ढिला पडलाय किंवा नळी कुठेतरी हवा ओढतेय. फुगा आपोआप चपटा झाला, तर टाकीचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा मागे काहीतरी तुंबलेय. फुगा टणक राहिला आणि तरीही इंजिन मेले, तर जेट बुजलेत, नाहीतर पेट्रोलच वाईट. दोष पाच मिनिटांत उघडा पडतो. मग रविवारभर घाटावर बसून चर्चा कशाची करायची?

त्याहून वाईट म्हणजे काचेची बरणी. घरात लोणच्याची रिकामी बरणी दिसली तर आधी लपवा. कारण एखादा आगाऊ पुतण्या टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल तीत काढून खिडकीत ठेवतो. सुरुवातीला सगळे गढूळ दिसते. थोड्या वेळाने मध्ये एक रेघ उमटते, सरळ, बोटाने दाखवता येईल अशी. वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळाच थर, आणि बरणी कलती केली की तळाशी पाण्याचे मणी इकडून तिकडे घरंगळतात. इतके ढळढळीत दिसल्यावर ‘पंपवाल्याने फसवले’ म्हणायलाही तोंड उरत नाही. पुतण्या त्यावर थांबत नाही. पाणी वेगळे करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये बसवा म्हणतो, तोही तळाला पारदर्शक वाटी असलेला. त्याला दहावीच्या क्लासला घाला.

एक अपवाद लक्षात ठेवा. इंजिन जोरात बोंबलते आहे पण होडी जागची हलत नाही, तेव्हा पंख्याला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला असतो किंवा त्यातला रबरी बुश सरकलेला असतो. यात पेट्रोलचा काडीमात्र दोष नाही. म्हणून नेमके याच वेळी पेट्रोलवर संशय घ्या, टाकी उपसा, कार्बोरेटर खोला आणि त्याचा बारीक स्क्रू समुद्रात पाडा.

राहिले ते बिघडलेले पेट्रोल. एकदा थर वेगळे झाले की ते ढवळून, हलवून किंवा बाजारातले औषध घालून पूर्ववत होत नाही. पण म्हणून काय टाकून द्यायचे? नव्या पेट्रोलात थोडे थोडे मिसळत चला, म्हणजे नवेही त्याच्या वळणावर जाते. किंवा शेजाऱ्याला निम्म्या भावात विका. फक्त गिऱ्हाईक पारखून घ्या. संगमावर बंद पडलात की जो तुम्हाला दोर टाकून ओढून आणतो, त्याला विकू नका.