डॉटच्या पुढचं पानिपत

पानिपत म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला 1761 आठवतं, आमचा सोलापुरात चादरीचा कारखाना, त्यामुळं आमच्या घरात चादर आठवते. तिकडच्या मागावर निघालेला हलका माल 'सोलापुरी चादर' असं लेबल लावून देशभर खपवला जातो आणि आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात, तर ह्या विषयावर मामांचा राग अजून उतरलेला नाही. कुठल्याही लग्नाला गेलं की अक्षता पडायच्या आधी ते वऱ्हाडाच्या खोलीतल्या गादीवरची चादर उलटी करणार, मोराचं डिझाईन मागच्या बाजूनं कसं उठलंय ते बघणार, कड दोन बोटांत धरून वजनाचा अंदाज घेणार आणि मुलीकडच्यांसमोर मोठ्यानं "डुप्लिकेट" असं जाहीर करणार. सासूबाई तोपर्यंत दुसऱ्याच कुणाशीतरी बोलायला लागलेल्या असतात.

ऑनलाईन ऑर्डरी, जीएसटी, बँकेचे ओटीपी आणि रात्री अकराला येणारे "प्राईस प्लीज" हे सगळं खातं माझ्याकडं. स्थळ बघताना मुलगी एमकॉम आहे असं सांगितलं होतं, ते ह्या लोकांनी नीट लक्षात ठेवलं. त्यामुळं तो ईमेल पण मीच वाचला, आणि वाचला तो वाचला, मामा शेजारी सुताची बिलं बघत बसलेले असताना मोठ्यानं वाचला. चीनमधून होता. तुमच्या फर्मच्या नावाचं डॉट सीएन आणि डॉट एशिया डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, घ्यायला आमच्याकडं एक कंपनी आलेली आहे, तुमची हरकत असेल तर ताबडतोब कळवा, नाहीतर आम्ही त्यांना देऊन टाकू.

असले मेल जगभर कित्येक वर्षं फिरतायत. ती कंपनी बिंपनी कुठं नसते, मेल पाठवणाऱ्यालाच ती डोमेनं आपल्या गळ्यात मारायची असतात, आपण घाबरून "आम्हीच घेतो" म्हणायचं एवढीच त्याची अपेक्षा. मी हे सगळं मामांना नीट समजावून सांगितलं. मामांनी त्यातला 'चीन' एवढाच शब्द घेतला.

"पानिपतवाल्यांनी आधी सांगितलं पण नव्हतं," मामा म्हणाले, "हे निदान कळवून चोरतायत. आता आपण गाफील राहायचं नाही. आपल्या नावापुढं काय काय लागू शकतं त्याची यादी काढ."

आता यादी काढ म्हणजे काय! 1985 साली पहिलं डॉट कॉम नोंदवलं गेलं त्यानंतर बरीच वर्षं मामला आटोपशीर होता, डॉट कॉम घ्या, देशाचं म्हणून डॉट इन घ्या, हौस असली तर डॉट नेट, संपलं. मग 2012 ला आयकॅन नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेनं, जी ह्या सगळ्या नावांची वरची व्यवस्था बघते, नवीन एक्सटेन्शनसाठी, म्हणजे डॉटच्या पुढच्या शब्दासाठी, अर्ज मागवले, एका अर्जाची फी 1,85,000 डॉलर, तरी 1,930 अर्ज आले. त्यातून मग डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाईन, डॉट गुरू, डॉट निन्जा असलं सगळं बाजारात आलं. टाटांनी डॉट टाटा मागितलं होतं, ते मिळालं नाही, कारण मोरोक्को देशात टाटा नावाचा प्रांत निघाला. मामांना ही गोष्ट फार आवडली. "एवढ्या मोठ्या माणसाचं नाव अडकतं, तिथं आपली काय कथा," असं म्हणून ते आलेल्या प्रत्येकाला आठवडाभर सांगत होते.

(आमच्या फर्मचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर राहिलेली एक्सटेन्शनं उद्या सकाळपर्यंत कुणीतरी उचलेल आणि मामा मला घरात घेणार नाहीत.)

रात्री जेवणं झाल्यावर बसलो. मी लॅपटॉप घेऊन, मामा चष्मा लावून, मध्ये ताटलीत कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी, आणि आमचे हे सोफ्यावर मोबाईलमध्ये. सर्चमध्ये नाव टाकलं आणि खाली जी यादी उघडली ती काही संपेना, मी आपली स्क्रोल करतेय, मामा प्रत्येक नाव वाचतायत, प्रत्येकापुढं हिरव्या अक्षरात 'अव्हेलेबल', आणि मामांना 'अव्हेलेबल' ह्याचा अर्थ 'अजून चोरलेलं नाही' असाच दिसत होता. डॉट शॉप घेतलं. डॉट स्टोअर घेतलं. डॉट बीअर आलं, मी पुढं सरकवलं, तर म्हणाले, "थांब. उद्या होटगी रोडला आपल्या नावाचा बार निघाला तर? घे." डॉट हॉर्स आलं. मी म्हणलं मामा, घोड्याचा आपल्याशी काय संबंध. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "वरातीच्या घोड्यावर झूल टाकतात ती काय लाकडाची असते?" घेतलं.

आणि मग स्पेलिंग. इंग्रजांच्या काळापासून कागदोपत्री गाव 'शोलापूर' होतं, म्हणजे मधे एच असलेलं आणि नसलेलं दोन्ही आलं. चादरीला एक डी का दोन डी, ह्यावर आमच्याच बिलबुकात एकमत नाही. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, अक्कलकोट आणि विजापूरकडच्या गिऱ्हाइकांशी कन्नड, त्यामुळं आमचं आडनावच चार जण चार तऱ्हेनं लिहितात. आता ही सगळी स्पेलिंगं गुणिले ती सगळी एक्सटेन्शनं. मी एमकॉम असून मला तो गुणाकार करायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात यादीत ते आलं. डॉट अ‍ॅडल्ट, त्याच्या खाली अजून एक त्याच घराण्यातलं. आमच्या ह्यांना एकदम सुताचा लॉट चेक करायचा राहिलाय हे आठवलं आणि रात्री साडेनऊ वाजता ते कारखान्यावर निघून गेले. मी सासऱ्यांच्या शेजारी. मी म्हणलं, मामा, हे आपल्या कामाचं नाही, ह्या जरा वाईट साईटी असतात. मामा शांत. "बेडशीट-चादरीचा धंदा आहे पोरी. बदनामी झाली तर इथूनच होणार." खरं सांगायचं तर ह्यात मामा एकटे नाहीत. 2011 ला डॉट एक्सएक्सएक्स आलं तेव्हा अमेरिकेतल्या विद्यापीठांनी घाईघाईनं आपापली नावं घेऊन ठेवली होती, 2015 ला टेलर स्विफ्ट ह्या गायिकेनं असल्या दोन एक्सटेन्शनवरची स्वतःची नावं आधीच घेतली, वापरायला नाही, दुसऱ्या कुणी वापरू नयेत म्हणून. हे मी मामांना सांगायला नको होतं असं नाही, पण सांगताना घशात भाकरी अडकली.

त्याच 2015 ला डॉट सक्स आलं, म्हणजे अमुकतमुक बेकार आहे असं म्हणायला खास जागा. त्यात ट्रेडमार्कवाल्यांना पहिला नंबर दिला आणि दर लावला वर्षाला 2,499 डॉलर. ज्याला आपलं नाव जास्त जपायचंय त्यालाच जास्त पैसे. मामांनी हिशोब ऐकला आणि म्हणाले, "हा हप्ता झाला." ते एक मात्र घेतलं नाही.

"पण आपल्याकडं जीआय आहे की!" मामांना मधेच आठवलं. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे हा माल ह्याच गावचा असं सरकारी मानांकन, मिळालेला आहे हे ते झोपेत पण सांगतात. आता हे समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला की जीआय आख्ख्या सोलापूरच्या चादरीचा, आपल्या फर्मच्या नावाचा नाही, आणि डोमेनचा तंटा ज्या नियमांनी सुटतो, 1999 पासूनचे आहेत ते, त्यात ट्रेडमार्क विचारतात, जीआय विचारत नाहीत. बरं, तंटा करायचा तर जिनिव्हाच्या संस्थेत एका पंचाचीच फी 1,500 डॉलर, वकील वेगळा. डॉट इन असेल तर आपल्या देशातली वेगळी पद्धत आहे. आणि नवीन एक्सटेन्शन उघडताना ट्रेडमार्कवाल्यांना निदान तीस दिवस आधी संधी मिळते ती पण एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नाव घातलेलं असेल तरच, त्याचे वर्षाला 150 डॉलर. म्हणजे नाव आपलं, आणि ते आपलं आहे हे दर वर्षी कुणालातरी पैसे देऊन सांगत राहायचं. ट्रेडमार्कचा अर्ज मात्र मी भरला, क्लास 24, कापडाचा, छोट्या धंद्याला 4,500 फी, हे काम शहाणपणाचं होतं आणि म्हणूनच त्याच्यात कुणाला रस वाटला नाही.

मामांना सगळ्यात जास्त आनंद झाला तो डॉट भारतचा. देवनागरीत, 2014 पासून मिळतं. आपलं नाव आपल्या अक्षरात, पुढं टिंब, पुढं भारत, मामांनी लगेच नवी पेठेतल्या प्रेसला फोन लावून पिशव्यांचं डिझाईन बदलायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला लिंक पाठवली तर तिकडं ती 'एक्स एन डॅश डॅश' आणि पुढं इंग्रजी अक्षरांचा नुसता काला अशी दिसायला लागली. कॉम्प्युटर आतमध्ये देवनागरी नाव तसंच लिहून ठेवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण मामांनी ते बघितलं आणि "हॅक केलं बघ चीननं" म्हणून पाण्याचा आख्खा तांब्या प्यायले. शिवाय त्या नावाचा ईमेल आयडी एका सरकारी फॉर्मला टाकला तर फॉर्म म्हणतो, कृपया योग्य ईमेल टाका.

पैसे भरताना काय काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण अजून डोकं दुखतं. पहिल्या वर्षाला नव्व्याण्णव रुपये असं मोठ्या अक्षरात असतं, पुढच्या वर्षीपासूनचा तीन-साडेतीन हजाराचा दर खाली राखाडी रंगात असतो, आपण न सांगता ईमेल, सिक्युरिटी आणि वेबसाईट बिल्डर हे तिघं पिशवीत येऊन बसलेले असतात, वर अठरा टक्के जीएसटी. मग प्रत्येक डोमेनमागं "मॅडम, वेबसाईट बनवायची का" असा स्वतंत्र फोन. डॉट हॉर्सवाला तर मला घोड्यांचा स्टड फार्म आहे असं समजून बोलत होता.

"म्हणजे हे विकत घेतलेलं नाही?" पहिल्या रिन्यूअलची यादी बघून मामा म्हणाले. नाही मामा, भाड्यानं असतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. "आपल्याच नावाचं भाडं?" ह्यांचा शाळेपासूनचा मित्र तेव्हा चहाला आलेला होता, तो म्हणाला, "काय बे तुमचं, डॉट कॉम आहे की आपलं, बास झालं की बे!"

त्यानं म्हणलं म्हणून मी सगळी डोमेनं एका अकाउंटला आणायला बसले. बीअर सापडलं, घोडा सापडला, डॉट कॉम सापडेना. शोधत शोधत गेले तर ते माझ्या लग्नाच्या आधी ज्या पोरानं वेबसाईट बनवून दिली होती त्याच्या नावावर. मालक म्हणून तो, ईमेल त्याचा, मोबाईल त्याचा. बीअर, घोडा, चीन, सगळ्या बाजूंनी बंदोबस्त आणि मधलं घर पुण्यात हिंजवडीला नोकरी करणाऱ्या एका पोराच्या मालकीचं. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते.

मला वाटलं मामा आता वकील म्हणणार. मामांनी नुसता फोन लावला. "काय मालक, विसरलात का सोलापूरला? गड्ड्याला येताय ना? जेवायला घरी यायचं." पोरगं संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आलं, नंदीध्वजांची मिरवणूक बघितली, आमच्याकडं शेंगापोळ्या हाणल्या, आणि सासूबाईंनी त्याच्या आईसाठी चादर पुढं ठेवल्यावर त्यानं ती उलटी करून बघितली. मामांचे डोळे चमकले. मग त्यानं तिथंच मोबाईलवर लॉक काढलं, ट्रान्सफरचा कोड मला दिला, काही त्रास नाही, काही पैसे नाहीत, उलट काकू अजून एक पोळी म्हणाला.

जाताना चपला घालता घालता मात्र बोलला, "काका, डॉट एआय घेतलं का नाही? सगळे घ्यायलेत."

मी लगेच मधे पडले. म्हणलं मामा, ते अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं डोमेन आहे, बेटावर माणसं पंधरा-सोळा हजार, आपल्या एकेका पेठेत जास्त असतील, दोन वर्षांचे पैसे एकदम घेतात आणि दर आपल्याला परवडणारा नाही.

मामा विचारात पडले. "तिथं थंडी पडते का?"

"नाही हो मामा, बारा महिने उकाडा. चारी बाजूंनी समुद्र."

"मग टॉवेल जातील," मामा म्हणाले. "घे."