खुलासा : नागपूरहून मंगळावर यान गेलेलं नाही

‘नागपूरच्या पोरांनी इस्रोसोबत मंगळावर यान पाठवलं’ असा व्हिडिओ इतवारीपासून हिंगण्यापर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरतोय. यान कुठेही गेलेलं नाही, इस्रोचाही काही संबंध नाही. व्हिडिओत दिसतो तो आमच्या विद्यार्थ्यांनी ‘जीमॅट’ या यानाचा मार्ग आखायच्या नासाच्या मोफत सॉफ्टवेअरवर, म्हणजे फक्त संगणकावर, आखलेला मार्ग आहे.

सुटण्याची तारीख, वेग, इंजिन किती वेळ चालवायचं, हे सगळं त्यांनीच भरलं. सूर्य-ग्रहांचं गुरुत्वाकर्षण धरून सॉफ्टवेअरने मार्ग काढला. सुरुवातीच्या वेगात सेकंदाला एक मीटरचा फरक पडला, तरी यान मंगळापासून हजारो किलोमीटर दूर जातं. तारीखही मनाला येईल ती चालत नाही, सोयीची संधी साधारण 26 महिन्यांनी येते. मुलांचं कौतुक करायचं तर या गणिताचं करा, ते खरोखर अवघड आहे. व्हिडिओ पुढे पाठवलाच असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.